पानांवरचं पाणी

बसवनगुडी, बेंगळूरु
१८ नोव्हेंबर २०२४

विद्याधर भावोजी,

पत्र बघून दचकू नका. घरात सगळे ठीक आहेत. आजारी आहेत ते गच्चीवरचे टोमॅटो.

तुमच्या दादांचा हात हल्ली फार कापतो, म्हणून ते सांगताहेत आणि मी लिहिते आहे. तुम्हांला फोन करण्यात अर्थ नाही, कारण ऐकू येत नाही आणि कानात मशीन घालायचं नाही असा तुमचा पण आहे. फोटो पाठवावेत तर 'फोटोवरून निदान करायला मी ज्योतिषी नाही' असं तुम्ही मागे आमच्या अमितला सुनावलं होतंत. तेव्हा पस्तीस वर्षं कृषी महाविद्यालयात झाडांचे रोग शिकवलेल्या माणसाने खरी पानं बघून काय ते सांगावं, असा ह्यांचा हुकूम आहे. सोबत पानं आहेत.

आता ह्यांच्या शब्दांत: सोळा कुंड्या. लावणी दसऱ्याच्या सुमाराला. खालच्या पानांवर तपकिरी डाग, डागात एकात एक गोल रेषा, ओंडका कापल्यावर दिसतात तशा. डागाभोवती पिवळी कड. सुरुवात मातीकडून, आज अकरा इंचांपर्यंत चढलंय. हे इंच पट्टीने मोजलेले आहेत. कारखान्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ह्यांचा कारखाना चालूच आहे.

हे आत कॉफी घ्यायला गेलेत, तोवर चार ओळी माझ्या. दसऱ्याला अमित आला होता. व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये आमच्यासाठी एक खोली रिकामी ठेवलीय, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, चला म्हणाला. हे गेल्या वर्षी गच्चीच्या जिन्यात पडले तेव्हापासून तो मागे लागलाय. ह्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, 'झाडांना फळ धरतंय तोवर मी इथून हलणार नाही. ज्या वर्षी कुंड्या रिकाम्या राहतील त्या वर्षी तू म्हणशील तिथे येईन.' अमितने ते शब्द लक्षात ठेवलेत. मीही ठेवलेत.

गच्चीला बेचाळीस पायऱ्या आहेत. सकाळी हे चढतात, तेव्हा मी खाली कठडा धरून उभी असते. संध्याकाळचं पाणी माझं. वरचा नळ मार्चपासून बंद आहे, म्हणून बादल्या.

लवकर लिहा.

श्यामलावहिनी


कराड
२५ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवलीत. पाकीट उघडलं तर आत लोणचं झालं होतं. पुढच्या वेळी वर्तमानपत्राच्या घडीत, एकेक पान सुटं, वर पुठ्ठा. दादाला म्हणावं इंच मोजायला येतात तर एवढंही यायला हवं.

तरीही एक पान वाचण्यासारखं होतं. करपा आहे. बुरशीचा रोग. घाबरण्यासारखं नाही, पण लक्ष द्यावं लागेल. ही बुरशी मातीत पडलेल्या जुन्या पानांत दबा धरून बसते. पाणी घालताना माती उडते, खालच्या पानांना चिकटते, आणि पान ओलं राहिलं की रात्रीतून आत शिरते. म्हणून ती खालून वर चढते.

मला एक शंका आहे. देवपूजेचं पाणी कुंड्यांत ओतता ना? पायदळी येऊ नये म्हणून तुमच्याकडे ते झाडाला घालतात हे मला माहीत आहे. आणि त्याबरोबर निर्माल्यही जात असणार. पानाला जास्वंदीची पाकळी चिकटलेली होती. देवाला चालत असेल, टोमॅटोला चालत नाही. कुजणाऱ्या फुलांनी बुंध्याशी सतत ओल राहते.

आता करायचं ते: अकरा इंचांखालची सगळी पानं कात्रीने काढा. दर झाडानंतर कात्री पुसा. ती पानं खतात टाकू नका. बुंध्याशी नारळाच्या शेंड्या पसरा म्हणजे माती उडणार नाही. पाणी सकाळी, बुंध्याशी, तांब्याने. पानाला थेंब लागता कामा नये.

मग बोर्डो मिश्रण. दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, दहा ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात. भांडी प्लॅस्टिकची, धातूची नकोत. त्यात लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी आहे. दर दहा दिवसांनी सकाळी फवारा.

बेचाळीस पायऱ्या हे वाचलं. माझ्या घराला चार आहेत आणि त्याही जड जातात.

विद्याधर


बसवनगुडी
१२ डिसेंबर २०२४

भावोजी,

परिषेच्या, म्हणजे इथल्या शेंगांच्या जत्रेच्या, गर्दीत आठवडाभर घराबाहेर पडता आलं नाही, म्हणून उशीर. बुल टेंपलच्या रस्त्यावर शेंगदाण्यांचे ढीग आणि त्यांतून वाट काढणारी माणसं. पूर्वी मीही उत्साहाने जायची. यंदा प्रेमाक्काने भांडी घासायला येताना चार शेंगा आणून दिल्या, तेवढीच जत्रा.

निर्माल्याचं बरोबर ओळखलंत. हे रागावले. 'चाळीस वर्षं घालतोय, आत्ताच बुरशीला धर्म आठवला?' असं म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून पूजेचं पाणी मागच्या नारळाला जाऊ लागलं. मोरचूद सोनाराच्या जुन्या काट्यावर तोलला. सुरी बुडवली, तांबूस झाली, पुन्हा चुना घातला, पुन्हा बुडवली. सकाळभर हाच कार्यक्रम. माझी भाजीची सुरी गेली.

आणि सांगायचं म्हणजे, झाडं सुधारली. नवी पानं स्वच्छ आलीत. सोळापैकी चौदा झाडांना फुलं आहेत. सकाळी पाणी घालायला मात्र जमत नाही, कावेरीचं पाणी दिवसाआड येतं आणि सकाळ स्वयंपाकात जाते. त्यामुळे संध्याकाळीच घालते, पण तांब्याने, बुंध्याशी, वाकून. सोळा वेळा वाकायचं.

ह्यांनी काल अमितला फोन करून सांगितलं, 'यंदा पीक जोरात आहे, पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी बघू.' फोन ठेवल्यावर मला म्हणाले, पुढच्या वर्षी कुंड्या चोवीस करू.

मी 'बरं' म्हटलं.

श्यामला


कराड
१८ डिसेंबर २०२४

वहिनी,

शाबास. विद्यार्थी असता तर पहिला वर्ग दिला असता.

फवारणी चालू ठेवा. आता तिथे थंडी, पाऊस नाही. करप्याला वाढायला ओल लागते आणि ओल आणणारं तुमच्याशिवाय गच्चीवर कुणी नाही. मी वर्गात गमतीने सांगायचो, करपा मुद्दाम आणायचा असेल तर फार काही करावं लागत नाही. तिन्हीसांजेला झारी घ्यायची, झाडाला डोक्यावरून आंघोळ घालायची आणि झोपायला जायचं. आठ दिवस हे केलं की डाग दिसलेच. मुलं हसायची आणि परीक्षेत बरोबर लिहायची.

चोवीस कुंड्या करा म्हणावं. बी मी देतो.

विद्याधर


बसवनगुडी
८ जानेवारी २०२५

भावोजी,

पुन्हा आलं.

हे सांगतात ते लिहिते. डाग परत सुरू झाले, या वेळी खालूनच नाही तर मधल्या पानांवरही. फुलं गळताहेत. लागलेल्या फळांना देठाशी काळे खड्डे पडलेत. सहा झाडं जवळजवळ गेली. फवारणी एकदाही चुकलेली नाही, तारखा वहीत आहेत. शिवाय आता पानांवर पांढरे ठिपके आलेत, ही भुरी असावी असा ह्यांचा अंदाज आहे. पानं वर्तमानपत्रात आहेत, ह्यांनीच घडी घातली.

हे हल्ली सकाळी वर जाऊन बराच वेळ स्टुलावर बसतात. काल भाकरी तशीच ठेवली.

अमितचा फोन आला होता. त्याला मी सांगितलं, झाडांचं काही खरं नाही. तो म्हणाला, मग पाडव्यापर्यंत ठरवून टाकू.

माझे गुडघे दुखतात, म्हणून आज एवढंच.

श्यामला


कराड
१४ जानेवारी २०२५

वहिनी,

तीळगूळ समजून हे पत्र घ्या, जरी त्यात गोड काही नाही.

पानं भिंगाखाली दोन दिवस बघितली. तीन गोष्टी दिसल्या.

एक, पांढरे ठिपके भुरी नाहीत. भुरी बोटाला लागते, पिठासारखी. हे बोटाला लागत नाहीत, कडेने गोल आहेत, न पुसलेल्या स्टीलच्या पेल्यावर असतात तसे. हे बोअरच्या जड पाण्याचे थेंब वाळल्याचे डाग आहेत.

दोन, बोर्डोचा निळा रंग पानभर नाही. तो ओघळून टोकाशी साठलाय. दंवाने एवढं होत नाही. म्हणजे सकाळी मारलेलं औषध कुणीतरी धुऊन काढतंय.

तीन, पानांच्या खालच्या बाजूला माती उडालेली आहे. शेंड्या पसरलेल्या असताना. वरून जोरात पाणी पडल्याशिवाय हे होत नाही.

वहिनी, गच्चीवर कुणीतरी झाडांवर वरून पाणी ओततंय, आणि तेही उन्हं गेल्यावर. तुम्ही तांब्याने घालता हे तुम्ही लिहिलंच आहे. राहिला दादा. मला हे लिहायला बरं वाटत नाही. पण वयाच्या ऐंशीव्या वर्षी माणूस एकदा पाणी घातल्याचं विसरतो आणि पुन्हा घालतो, असं मी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या बाबतीत पाहिलंय. तुमचं लक्ष नसताना तो संध्याकाळी वर जातो का?

हे वाचून दाखवू नका. फक्त मला कळवा.

विद्याधर


बसवनगुडी
२१ जानेवारी २०२५

भावोजी,

हो, तसं असेल. ह्यांना हल्ली आठवत नाही.

श्यामला


कराड
२७ जानेवारी २०२५

वहिनी,

तुमची एक ओळ वाचून सुन्न झालो. एवढं ओझं एकट्याने वाहत होतात, आणि मी कुंड्या चोवीस करा म्हणून लिहीत होतो.

तुम्हांला न विचारता एक गोष्ट केली. अमितला पत्र टाकलं. सगळं लिहिलं, पानांवरून काय दिसतं तेही. मुलाला माहीत असायला हवं. लवकर कळलं तर औषध असतं, हे माणसांनाही लागू आहे. तो शहाणा मुलगा आहे, नीट करील.

झाडांचं आता सोडून द्या.

विद्याधर


बसवनगुडी
१७ फेब्रुवारी २०२५

विद्याधर भावोजी,

हे पत्र मी घराजवळच्या पार्कातल्या बाकावर बसून लिहिते आहे. घरात लिहिण्यासारखं हे पत्र नाही.

तुमचं पत्र मिळताच अमितने रजा टाकली आणि ह्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही होते. डॉक्टर म्हणजे पस्तिशीची मुलगी, फार गोड बोलणारी. तिने ह्यांना आजची तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. ह्यांनी सगळं बरोबर सांगितलं. मग कागद पुढे ठेवला आणि घड्याळ काढा म्हणाली, अकरा वाजून दहा मिनिटांचं. ज्या माणसाने आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंगं काढली, त्याचा हात कापत होता आणि वर्तुळ बटाट्यासारखं झालं. हे त्या बटाट्याकडे बघत बसले. मला बघवेना.

मग तिने विचारलं, 'अंकल, झाडांना पाणी घातलेलं विसरता आणि परत घालता, असं होतं का?'

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बघितलं आणि तिला म्हणाले, 'हौदम्मा, स्वल्प मरेवु.' होतं बाई, थोडं विसरायला होतं.

भावोजी, ह्यांना काहीही विसरायला होत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नात कुणी काय आहेर केला ते ह्यांना पाठ आहे. संध्याकाळी हे वर जातच नाहीत, गुडघ्यांनी दिवसातून एकदाच चढवतं. पाणी मी ओतत होते. झारीने, वरून, तिन्हीसांजेला. तुम्ही गमतीने लिहिलं होतंत ना, अगदी तसंच.

डिसेंबरात झाडं सुधारली आणि चोवीस कुंड्या हे शब्द कानावर पडले. दहा-बारा दिवसांनी तुमचं पत्र आलं. त्या संध्याकाळी पाचवी बादली घेऊन मी जिन्यात थांबले. पुढची पायरी चढायला पाय उचलेना. दुखत नव्हता, फक्त नको म्हणत होता. कशीबशी वर गेले, झारी भरली आणि वाकायचं नाही असं ठरवलं. उभ्याने सगळ्यांवर पाणी सोडलं. फार बरं वाटलं, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. तिसऱ्या दिवशी तर मुद्दाम केलं.

मला झाडं मारायची नव्हती. मला दमायचं थांबवायचं होतं. बहात्तराव्या वर्षी नवऱ्याला 'मी थकले, आता चल' एवढं वाक्य मला म्हणता आलं नाही, म्हणून ते मी टोमॅटोकडून म्हणवून घेतलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा एका ओळीत ह्यांचं नाव पुढे केलं.

आता ह्यांना गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हणाली जिना एकट्याने चढू देऊ नका, तर अमितने गच्चीच्या दाराला कुलूप लावून घेतलं. किल्ली माझ्या कमरेला आहे. हे एकदाही मागत नाहीत. सकाळी उठतात, दारापर्यंत जातात, कुलूप बघतात आणि पेपर वाचायला बसतात. पाडव्यानंतर जायचं ठरलंय. मला हवं होतं ते सगळं झालंय आणि मला घास उतरत नाही.

तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. पण काहीतरी म्हणा.

श्यामला


कराड
२४ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

मी काही म्हणणार नाही, कारण म्हणायचा हक्क मला नाही. कृती मीच लिहून दिली होती, आणि निदानही माझंच चुकलं. भिंगातून पाणी दिसलं, माती दिसली, ओघळ दिसला. तुमच्या पहिल्या पत्रात बेचाळीस पायऱ्या स्पष्ट लिहिलेल्या होत्या, त्याला भिंग लागत नव्हतं. त्या मी वाचल्या आणि माझ्या चार पायऱ्यांचं रडगाणं लावलं.

माझी कस्तुरी होती तेव्हा आमच्या शेतावर रविवारी विद्यार्थी येत. वीस-पंचवीस पोरं, दिवसभर. ती पोह्यांचं पातेलं चढवायची. कधी दमले म्हणाली नाही. मीही विचारलं नाही, मी त्या वेळी पानं बघत असायचो. ती गेल्यावर तिच्या बहिणीने मला सांगितलं की शनिवारी रात्री तिला रडू यायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आता कामाचं. अमितला मी आजच लिहितो आहे की माझं निदान चुकलं, दादाच्या डोक्याला काही झालेलं नाही. पाणी कसं गेलं ते मी त्याला लिहिणार नाही. दादाला मात्र तुम्ही सांगा. कुलूप काढा, किल्ली त्याच्या हातात द्या आणि सांगा. तो ओरडेल, ओरडू द्या.

झाडं उपटून टाका, मुळांसकट. माती पंधरा दिवस उन्हात पसरा.

तुमचा,
विद्याधर


बसवनगुडी, बेंगळूरु
१२ मार्च २०२५

चि. विद्याधर,

अक्षर वाकडं आहे. भिंग आहेच तुझ्याकडे, ते घे. हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागलेत.

श्यामलाने मला शिवरात्र होऊन गेल्यावर सगळं सांगितलं. किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि उभ्या उभ्या सांगितलं, मध्ये न थांबता. मी 'असू दे' म्हणालो. ती रडली. मग आम्ही कॉफी घेतली. तू म्हणत होतास तसा मी ओरडलो नाही. तू असं म्हणाला होतास हे मला कसं कळलं, ते सांगतो. पण ते तिला कळता कामा नये.

तुझी पत्रं ती मला वाचून दाखवायची. वाचताना कुठे कुठे थांबायची आणि पुढचं वाक्य जरा जोरात वाचायची. मोतीबिंदू माझ्या डोळ्यात आहे, डोक्यात नाही. पत्रं पंचांगाखाली ठेवलेली असायची. ती भाजी आणायला गांधी बझारला गेली की मी खिडकीच्या उजेडात पुन्हा वाचायचो. तिने ओलांडलेलं सगळं मी वाचलंय. तिने तुला लिहिलेलं शेवटचं पत्र तेवढं वाचलेलं नाही, पण त्यावर तुझं उत्तर वाचलं.

आणि त्याची गरजही नव्हती. संध्याकाळी मी मागच्या ओसरीत बसतो. गच्ची बरोबर डोक्यावर आहे. मातीत तांब्याने घातलेलं पाणी ऐकू येत नाही. पानांवर झारीने पडणारं ऐकू येतं. नाताळच्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं. तुला ऐकू येत नाही म्हणून तुला हे लिहून सांगावं लागतंय.

तू विचारशील, थांबवलं का नाहीस? मी काय म्हणून थांबवणार होतो? पाणी ऐकू येण्याआधी मला दुसरं काहीतरी ऐकू यायचं. वरचा नळ बंद पडल्यापासून ऐकत होतो. ती बादली घेऊन चढताना चौदाव्या पायरीला थांबते. मग अठ्ठाविसाव्या. आधी एका संध्याकाळी तीन बादल्या व्हायच्या, तेव्हा न थांबता जायची. मग थांबू लागली. मी ते मोजलंय, इंच मोजावेत तसं. मोजलं आणि गप्प बसलो. बोललो असतो तर जावं लागलं असतं. मला जायचं नव्हतं. म्हणून मी चोवीस कुंड्या करू म्हणालो. हे माझं. तिचं त्यानंतरचं आहे.

मी सकाळी औषध मारत होतो आणि ती संध्याकाळी धुवत होती. दीड महिना आमचा हाच संसार चालला होता. सकाळी मी धुतलेली पानं बघायचो आणि स्टुलावर बसून विचार करायचो, आज बोलू. मग खाली यायचो आणि ती कठड्याला धरून उभी दिसायची, मी पडेन म्हणून. तिथे बोलणं सुचायचं नाही.

डॉक्टरने विचारलं तेव्हा एवढंच डोळ्यांसमोर आलं, की 'नाही' म्हटलं तर पुढचा प्रश्न श्यामलाला असेल. म्हणून हो म्हणालो. आता तू अमितला लिहिल्यामुळे गोळ्या बंद झाल्या, सरी, ठीक झालं. घड्याळ मात्र मला खरंच नीट काढता आलं नाही. ते लागलं मला.

झाडं परवा उपटली. ती खालून पिशव्या धरत होती, मी वरून देत होतो. प्रेमाक्का 'पाप' म्हणाली. कानडीत याचा अर्थ बिचारी. कुणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

पाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही व्हाइटफील्डला जातो आहोत. मी माझा शब्द पाळतो आहे म्हणून जातोय, असं सगळ्यांना वाटतं. तसंच वाटू दे. मला माहीत होतं हे तिला कळलं, तर दीड महिना मी ऐकत बसलो होतो हेही कळेल, आणि मग ती माझ्यासमोर पुन्हा झारी धरणार नाही.

आता काम. नववा मजला. बाल्कनी पूर्वेला, सहा फूट बाय तीन. ऊन सकाळी अकरापर्यंत, अमितकडून विचारून घेतलंय. नळ बाल्कनीतच आहे, बादली उचलावी लागत नाही. कुंड्या चारच मावतील. टोमॅटो नको. ज्याची पानं कोरडी ठेवावी लागतात असं काहीही नको.

असं काहीतरी सांग, की ज्याच्यावर तिने संध्याकाळी उभ्याने, वरून, हवं तेवढं पाणी ओतलं तरी चालेल.

पद्माकर